शक्तीची गोळी

हजेरीपट हे मास्तरांचे खरे पाठ्यपुस्तक होय. कविता शिकवताना मुलांचे चेहरे दिसतात. मुलांची घरे पाहायची असतील तर हजेरीपटच उघडावा लागतो. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवून आता मला गैरहजेरीच्या जाती ओळखू येऊ लागल्या आहेत. सोमवारी न येणारा मुलगा रविवारी गावी गेलेला असतो आणि त्याची पहाटेची एस्. टी. चुकलेली असते. महिनाअखेरीस न येणाऱ्याच्या बसच्या पासाचे पैसे संपलेले असतात. सकाळच्या पहिल्या तासाला नसणारी मुलगी घरचा स्वयंपाक आटोपून येते, आणि अकराच्या तासाला नसणारे सगळेच्या सगळे कँटीनमध्ये असतात. यात संशोधन काही नाही. रोज साठ नावे पुकारणाऱ्या माणसाला एवढे आपोआप कळते.

२०२३ साली पहिल्या वर्षाला आलेल्या एका मुलाची गैरहजेरी मात्र माझ्या कोणत्याच जातीत बसेना. तो महिन्यातून एक दिवस नसायचा. फक्त एक दिवस. वार निराळा, तारीख निराळी. पण मागल्या खेपेपासून मोजले तर दिवस भरायचे तीस. मुलगा चांगला होता. पुढच्या बाकावर बसून माना डोलावणारा नव्हे, खिडकीशी बसून ऐकणारा. अंगाने इतका लहान की शिपायाने त्याला ‘अरे, शाळा पलीकडच्या गल्लीत’ म्हणून दोनदा फाटकावरून परत पाठवले होते. कारणे मात्र मोठ्या माणसाला शोभतील अशी द्यायचा. एकदा पोट, एकदा दाढ, मग आजी. आजी तर सहा महिन्यांत तीन वेळा अत्यवस्थ झाली आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी खडखडीत बरी झाली. मराठीच्या विद्यार्थ्याने इतपत कल्पनाशक्ती दाखवली तर निदान मी तरी तिला टाचणी लावू नये, असे मला वाटे.

जानेवारीत तो सलग तीन आठवडे आला नाही. आला तेव्हा सदऱ्यात नुसता हँगर असावा तसा दिसत होता. मार्चमध्ये ऑफिसने पंचाहत्तर टक्के हजेरीचा हिशेब काढला. त्याचे टक्के भरत नव्हते. डॉक्टरचा दाखला आण, असे मी सांगितले. त्याने आणला. चार घड्या घातलेला कागद त्याने माझ्या टेबलावर उलगडला आणि खालच्या गोल शिक्क्यावर अंगठा दाबून धरला.

“सर, मजकूर वाचा. शिक्का वाचू नका.”

“अरे, शिक्क्यावाचून ऑफिस दाखला घेत नाही.”

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने अंगठा उचलला. शिक्का एका सरकारी रुग्णालयातल्या ए. आर. टी. केंद्राचा होता. एच. आय. व्ही. ची औषधे जेथे मिळतात ते हे केंद्र, एवढे वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ठाऊक असते. तेवढेच मला ठाऊक होते.

“जन्मापासून आहे, सर,” तो म्हणाला.

तो दाखला ऑफिसात गेला नाही. तो कसा गेला नाही हे येथे सांगण्याचे कारण नाही. टक्के भरले एवढे खरे. पुढे कळले की २०१७ साली याबाबत एक कायदा झाला असून सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आहे, आणि शाळा-कॉलेज, नोकरी, भाड्याची खोली यांपैकी काहीही या कारणासाठी कोणाला नाकारता येत नाही, की त्याच्या लेखी संमतीवाचून ही गोष्ट कोणी कोणाला सांगू शकत नाही. म्हणजे तो अंगठा कायद्याचाच होता म्हणायचा. मी हे लिहितो आहे तेही त्याला विचारूनच. “गाव सांगू नका, नाव सांगू नका; आजीचं सांगा,” अशी त्याची अट आहे.

तर आजीचे सांगतो. गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातले. मुलाचा जन्म २००५ चा, घरीच, सुईणीच्या हातचा. त्यामुळे आईचे रक्त तपासायचा प्रश्नच आला नाही. वडील तो चालू लागण्यापूर्वी वारले, आई तो चार वर्षांचा असताना. वडिलांना ही लागण कोठून झाली ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आई गेली तेव्हा या पोराचे हातपाय काड्यांसारखे आणि तोंड आतून पांढरे झाले होते. आईच्या आईने त्याला कडेवर घेतले आणि एस्. टी. ने जिल्ह्याच्या रुग्णालयात आणले. रक्त तपासले, कागद झाले, औषध सुरू झाले. तेव्हापासून पुढे तेरा-चौदा वर्षे ही बाई दर महिन्याला भाकरीचे फडके आणि नातू घेऊन ती एस्. टी. पकडत आली. अक्षरओळख नव्हती, घड्याळ वाचता येत नव्हते. सकाळची गोळी गावात दुधाची गाडी आली की, आणि रात्रीची गोळी टी. व्ही. वरची ठराविक मालिका सुरू झाली की. मालिका संपून दुसरी लागली तेव्हा वेळ तीच आहे ना याची तिने शेजारणीकडून खात्री करून घेतली होती. नातू विचारी, “ही कशाची गोळी?” ती म्हणे, “शक्तीची हाय ल्येकरा. गीळ.”

त्या रुग्णालयात मुलांसाठी निराळा वार होता. त्या दिवशी आधी वजन. या औषधांचे प्रमाण मुलाच्या वजनावर ठरते आणि मूल वाढेल तसे बदलावे लागते, म्हणून प्रत्येक खेपेला काट्यावर उभे राहायचे. मग सिस्टर उरलेल्या गोळ्या मोजायच्या. किती दिल्या, किती दिवस झाले, किती उरायला हव्यात, किती उरल्या. हिशेब चुकला की त्या रागवायच्या नाहीत, नुसत्या चष्म्यावरून पाहायच्या. ते पाहणे रागावण्यापेक्षा वाईट, असे तो सांगतो. मग समुपदेशक ताई. त्यांच्या खणात रंगीत खडूंची पेटी असायची. विषाणू हा अंगात झोपलेला कुंभकर्ण आहे आणि रोजची गोळी ही त्याला जागे न होऊ देणारी गोळी आहे, ही गोष्ट त्यांचीच. कुंभकर्ण मरत नाही, पण झोपलेला असला की लंकेत सगळे ठीक चालते. वैद्यकाच्या पुस्तकात यापेक्षा जास्त अचूक वाक्य मला अजून सापडलेले नाही.

पण या ताईंनी नाव सांगायच्या आधीच त्याला नाव कळले होते. ते कसे कळले हे त्याने मला सांगितले तेव्हा माझ्यातला मराठीचा मास्तर अस्वस्थ झाला. बाकावर बसून राहण्याचे ते दोन-तीन तास. भिंतीवर सरकारी भित्तिपत्रके. हा पहिली-दुसरीत नुकता अक्षरे जुळवू लागलेला. आपली मुले दुकानांच्या पाट्या वाचत मोठी होतात. याने वाचायला शिकताना ती भित्तिपत्रके वाचली. ‘ए-ड्-स’. जोडाक्षर नवे होते म्हणून त्याने ते मोठ्याने वाचले, आणि बाकावरची सगळी मोठी माणसे एकदम गप्प झाली. “तेव्हा मला कळलं, सर, की हा शब्द आपल्या घरातला आहे,” तो म्हणाला.

येथे जरा थांबून चार कोरड्या गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या ठाऊक नसल्या तर या मुलाचे जगणे केवढे नवल आहे ते ध्यानात यायचे नाही. भारतात हा विषाणू प्रथम सापडला तो १९८६ साली, चेन्नईला. सेल्लप्पन निर्मला ही विद्यार्थिनी आणि तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन यांचे ते काम. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने काढलेली संस्था याच रोगाच्या कामासाठी होती. आईकडून बाळाकडे ही लागण पोटात असताना, जन्मताना किंवा अंगावरच्या दुधातून जाते. काहीच उपाय केला नाही तर अशा शंभर बाळांतल्या १५ ते ४५ बाळांना ती होते. बाकीची मोकळी सुटतात. ज्यांना होते त्यांतली निम्मी, औषध न मिळाल्यास, दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. गर्भारपणी आणि बाळंतपणात आईला व नंतर बाळाला औषध दिले तर हे प्रमाण दोन-तृतीयांशांनी घटते, असे १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीत दिसून आले. पण तेथल्या किमती तेथल्याच. तीन औषधांचा वर्षाचा खर्च श्रीमंत देशांत दहा हजार डॉलरांच्या घरात जाई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो ३५० डॉलरांवर आणायची तयारी दाखवली तेव्हा जगात खळबळ उडाली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी रुग्णालयांतून ही औषधे फुकट मिळू लागली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. मुलांसाठीचा खास कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ ला सुरू झाला. त्यापूर्वी मोठ्यांच्या गोळ्या मोडून मुलांना द्याव्या लागत.

या तारखा आणि त्या मुलाची जन्मतारीख शेजारी ठेवून पाहावी. तो दहा वर्षे आधी जन्मता तर आजीच्या कडेवरून परत आला नसता. दहा वर्षे नंतर जन्मता, तर बहुधा त्याला ही लागणच झाली नसती. कारण २०१४ च्या सुमारास अशा प्रत्येक गर्भवतीला तीन औषधांचा उपचार, आणि तोही जन्मभर, देण्याचे धोरण आले. तो नेमका दारात सापडलेल्या पिढीचा आहे. त्यांना वाचवण्याइतके औषध आले होते, त्यांना टाळण्याइतके पोचले नव्हते. आणि ही मुले वाचतील, दाढीमिशा फुटतील, बी. ए. ला प्रवेश घेतील, याची तयारी कोणी केली असावी असे मला तरी दिसले नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाली आणि कॉलेजासाठी तो आमच्या शहरात आला. जिल्ह्याच्या रुग्णालयाने त्याचे हिरवे पुस्तक – औषधांची नोंदवही – आणि एक चिठ्ठी हातात दिली. सिस्टरांनी पाठीवर हात ठेवला, ताईंनी खडूंच्या पेटीतला निळा खडू दिला. तो अजून त्याच्याजवळ आहे. आणि पुढच्या महिन्यात तो शहरातल्या मोठ्यांच्या रांगेत उभा राहिला. रखवालदाराने सवयीप्रमाणे हटकले, “बाळ, मुलांची ओ. पी. डी. तिकडे.” रांगेतल्या चाळीस माणसांनी वळून पाहिले. खिडकीवरच्या माणसाने नंबर पुकारला, पुस्तक पाहिले, मान वर न करता विचारले, “कधी झालं? कशामुळं?” याचे उत्तर काय द्यायचे? मोठ्यांच्या त्या छापील कागदावर लागणीच्या कारणांपुढे चौकटी होत्या, आणि आजवर त्याच्या वतीने कोणी ना कोणी ‘आईकडून’ असे सांगत आले होते. आता ते त्याला स्वतःच्या तोंडाने, काचेला पडलेल्या भोकातून, मागे चाळीस माणसे असताना सांगायचे होते. आईविषयी त्याने जगाला सांगितलेले ते पहिले वाक्य असावे.

वसतिगृहात एका खोलीत चौघे. प्लॅस्टिकची डबी आणि आत तीस गोळ्या. “डबी वाजते, सर,” तो म्हणाला. मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, तरी ही अडचण मला कधी सुचली नसती. त्याने डबीत कापूस भरला. एके रात्री खोलीतल्या एकाने विचारलेच, “रोज काय घेतोस रे?” याने सांगितले, “शक्तीची गोळी.” हशा झाला, दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यावर झाला, आणि त्याचा अर्थ भलताच घेतला गेला. वाचकांना तो सांगायला नको.

त्याच सुमारास दुसरी एक बातमी आली. मुलांच्या वाराला बाकावर बसणारी पाच-सहा मुले एकत्रच वाढली होती. त्यांत याच्याहून एका वर्षाने मोठी एक मुलगी होती. हिच्याकडून हा नव्वदपर्यंतचे पाढे शिकला. (मी तिसापर्यंतच शिकलो, पण नव्वद म्हणण्याचा आग्रह त्याचा आहे.) तिचीही बदली मोठ्यांच्या केंद्रात झाली होती. पहिल्याच खेपेला रांगेत तिला आपल्या गावातला एक माणूस दिसला. तोही औषधासाठीच आला होता, हे तिच्या ध्यानात आले नाही, किंवा येऊनही उपयोग नव्हता. तिने ओढणी तोंडावर घेतली आणि घरी गेली. पुन्हा गेली नाही. केंद्राच्या भाषेत अशा रुग्णाला ‘एल. एफ. यू.’ म्हणतात, म्हणजे पाठपुराव्यातून निसटलेला. केंद्रातून तिला फोन आले. फोन मामाकडे होता. २०२३ च्या दिवाळीनंतर ती गेली.

ती औषध सोडल्यामुळे गेली. म्हणून याने ते अधिकच घट्ट धरायला हवे होते. याने सोडले. याचे तर्कशास्त्र मला मांडता येत नाही आणि त्यालाही येत नाही. महिन्याच्या महिन्याला तो केंद्रात जाई, गोळ्या घेई, येताना पुलावरून नदीत टाकी आणि पुढच्या खेपेला रिकामी डबी दाखवी. हिशेब चोख. मोजणारा चुकत नव्हता. फक्त चष्म्यावरून पाहणारे कोणी नव्हते. जानेवारीत क्षयरोगाने फुप्फुसाभोवती पाणी झाले आणि तीन आठवडे तो रुग्णालयात पडून राहिला. त्याला भेटायला आलेले एकमेव माणूस म्हणजे आजी. शहराची तिला धास्ती, तरी विचारत विचारत आली, त्याच्या खाटेखाली दोन रात्री झोपली आणि जाताना नर्सला सांगून गेली, “शक्तीची गोळी त्याला तोंडानं मागायची लाज वाटती. तुमीच द्या.”

मी त्याच्याबरोबर केंद्रात जाऊ लागलो ते मार्चपासून. कोणी तरी मोठे माणूस बरोबर हवे असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. कागदावर ‘रुग्णाशी नाते’ अशी रकाना होती. त्याने ‘सर’ असे लिहिले. खिडकीवरच्या माणसाने ते खोडून ‘काका’ केले. त्या माणसाबद्दल माझे मत तेव्हापासून थोडे सुधारले आहे.

डॉक्टरीणबाई तशा मितभाषी. रोज दोनशे माणसे तपासणाऱ्याला बोलणे परवडत नाही. पण एका दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “सर, मोठ्या माणसाला हा रोग होतो तेव्हा त्याला रोगापूर्वीचं आयुष्य आठवत असतं. या पोरांना तसं काही आठवतच नाही. गोळीशिवायचा एकही दिवस त्यांनी पाहिलेला नाही. सोळा-सतराव्या वर्षी सगळी मुलं आईबापाचं ऐकायचं सोडतात. ही मुलं कोणाचं सोडणार? गोळीचं सोडतात. आणि नेमकं तेव्हाच आम्ही त्यांची खोली बदलतो, माणूस बदलतो, वार बदलतो.” मग जरा थांबून, “औषध बदलायला आम्ही फार विचार करतो. माणूस बदलायला करत नाही.”

औषधाचे म्हणाल तर ते खरोखरच सुधारले आहे. लहानपणी त्याला स्टॅव्ह्युडिन नावाचे औषध होते. त्याने गालफडे बसतात, आणि नातवाच्या गालाला खळगे का पडले हे आजीला कोणी सांगितले नव्हते. पुढे ते औषधच मोडीत निघाले. नंतरच्या एका गोळीने रात्री भयंकर स्वप्ने पडत. आता २०२० नंतर आलेली डोल्युटेग्रॅव्हिरची एकच गोळी दिवसातून एकदा घ्यायची असते. स्वप्ने गेली. “पण त्यांतली एक-दोन चांगली होती,” असे तो म्हणतो. वर्षातून एकदा रक्तातले विषाणू मोजतात. ते मोजण्याइतकेही उरले नाहीत आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातूनही त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होत नाही; तो लग्न करू शकतो, त्याला निरोगी मुले होऊ शकतात. हे डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितले तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो. शिक्षकाने काही वेळा खिडकीबाहेरच पाहावे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “हे तुम्ही तिला सांगितलं होतं का?” बाकावरच्या त्या मुलीविषयी तो विचारत होता. डॉक्टरीणबाईंनी तिला कधी पाहिलेही नव्हते.

आमच्या वर्तमानपत्रांना मात्र अजून ‘एड्सग्रस्त’ हा शब्द आवडतो. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, एड्सग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो. ‘बाधित’ म्हणावे तर भुताची बाधा आठवते. शिवाय ज्याला एड्स म्हणतात ती या लागणीची शेवटची अवस्था. औषध नीट घेणारा माणूस तेथवर जातच नाही. मी कोश उघडून बसलो, चार शब्द काढले, त्याला दाखवले. तो म्हणाला, “सर, केंद्रात आम्हाला ‘जुने’ म्हणतात. मोठेपणी लागण झालेले ते नवे, जन्मापासूनचे ते जुने.” शब्द बरा आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला तो शोभत नाही एवढेच.

पुढे याच विषयाचे थोडे वाचन करताना मला झिंबाब्वेतला एक शब्द भेटला. हरारे येथे २००४ साली अशाच मुलांचे एक काम सुरू झाले; त्याचे नाव ‘झ्वांदिरी’. शोना भाषेत त्याचा अर्थ ‘मी आहे तसा’. तेथे युक्ती केली ती अशी, की याच लागणीसह वाढलेल्या अठरा ते चोवीस वर्षांच्या मुलामुलींना शिकवून तयार करायचे आणि त्यांनीच धाकट्यांच्या घरी जायचे, फोन करायचे, केंद्रात बरोबर बसायचे. पुढे चाचणी घेऊन पाहिली तेव्हा अशी सोबत लाभलेल्या मुलांत औषध हुकण्याचे आणि विषाणू उसळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी निघाले. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अशा तरुणांसाठी वेगळा दवाखाना आहे. तेथले इमारत, पैसा, माणसे सगळेच निराळे. पण हरारेची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. तेथे लागले होते ते मुख्यतः एका पोराने दुसऱ्या पोराला विचारणे: आज घेतलीस का?

आमच्याच त्या कायद्यात एक कलम असे आहे की, अशा घरातला बारा ते अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घर सांभाळण्याइतकी समजूतदार असेल, तर काही कामांपुरते तिला धाकट्या भावंडांचे पालक मानता येते. कायदे करणारांना बारा वर्षांचा पालक कल्पिता आला. मग अठरा वर्षांच्या मुलाला एकट्याने काचेच्या भोकातून बोलावे लागू नये, हे कल्पिणे फार अवघड नसावे.

घरची हकीकत सांगायची राहिली. त्याच्या संमतीने मी सौ. ला सारे सांगितले. ती आधी पुष्कळ वेळ पोळ्या लाटत राहिली आणि मग म्हणाली, “जेवतो कुठं?” वाचकांपैकी कोणाच्या मनात ताटवाटीचा प्रश्न आला असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण उत्तर साधे आहे: एका ताटात जेवल्याने, एका भांड्याने पाणी प्यायल्याने, खोकल्याने, डासाने ही लागण होत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना हे पटायला एक चहा आणि दोन दुपारी लागल्या. तरी त्यांना नाव कोणाचे ते मी सांगितले नव्हतेच. मागच्या दिवाळीत तो आमच्याकडे जेवायला होता. नऊ वाजता त्याच्या मोबाइलने गजर दिला. त्याने खिशातून डबी काढली. ती वाजली, कापूस नव्हता. आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी विचारले, “दादा, कसली गोळी?” सौ. चा हात चकलीच्या डब्यावर थांबला. तो म्हणाला, “कुंभकर्णाची. गोष्ट सांगू?” आणि ती गोष्ट इतकी रंगली की चिरंजीव त्या रात्री आपणही एक गोळी मागून बसले.

केंद्रात आता महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, रांग संपल्यावर, जुन्यांची बैठक असते. ही कल्पना केंद्रातल्या समन्वयक बाईंची. त्या स्वतः पंधरा वर्षे हीच गोळी घेत आहेत आणि तसे उघड सांगतात. खोली लहान, पंखा एक, खुर्च्या आठ. पहिल्या शनिवारी नऊजण आले. त्यांत गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा होता. त्याला दर महिन्याला मालकाला नवे कारण सांगावे लागे आणि त्याची कारणे संपत आली होती. आमच्या या मुलाने त्याला आपली अख्खी यादी देऊन टाकली, पोट, दाढ, आजी, सगळी. एक तेरा वर्षांची मुलगी होती, मावशीबरोबर आलेली. तिला नाव अजून सांगितलेले नव्हते. ती भिंतीवरचे भित्तिपत्रक वाचत होती. समन्वयक बाईंनी याच्याकडे पाहिले. हा उठला, आपली खुर्ची ओढून भित्तिपत्रकाच्या आड ठेवली आणि तिला म्हणाला, “ते नंतर वाच. आधी मी सांगतो.” मावशीने मान हलवली. मी बाहेर व्हरांड्यात आलो. तेथे बाकावर त्याची आजी बसली होती, सांगलीकडच्या पहाटेच्या गाडीने आलेली, आणि खिडकीवरच्या त्या माणसाला विचारत होती की शनिवारीसुद्धा गोळ्या मोजतात का.